‘टण्ण’ कुठून आलं?

पौडला मिसळ चापून आम्ही पाच जण गाडीत बसलो. पाच म्हणजे मी, ऑफिसातली मैत्रीण, तिचा नवरा, त्यांची चार वर्षांची कन्या आणि आमचा एक कॉमन मित्र, जो कायम पुढच्या सीटवर बसतो आणि कायम सल्ले देतो. दिवाळीनंतरचा पहिला वीकेण्ड. दिवेआगरला खोल्या बुक, डिकीत क्रिकेटची बॅट, सोमवारची सुट्टी बॉसकडून कशीबशी मंजूर. मी रिव्हर्स टाकून गाडी हॉटेलच्या आवारातून मागे घेतली, पहिला टाकला, क्लच सोडला आणि...

टण्ण!

कुणीतरी खालून हातोडी घालावी तसा आवाज. कन्या खदाखदा हसली. तिला वाटलं, गाडीने ढेकर दिली. मी दुर्लक्ष केलं. जुन्या गाडीच्या मालकांना ही कला आपोआप येते.

पण मुळशीच्या जलाशयाकाठी रस्ता शांत झाला आणि दुसरा आवाज ऐकू यायला लागला. चिव-चिव-चिव-चिव... सायकलची चेन कोरडी पडल्यावर येतो ना, तसा. स्पीड वाढवला की चिवचिवाट जलद, कमी केला की संथ. पन्नासच्या पुढे गेलं की तो ऐकू येईनासा व्हायचा आणि त्याऐवजी सीटखाली बारीक थरथर जाणवायची.

‘पुढचं डावं चाक आहे, शंभर टक्के,’ सल्लागार म्हणाला.

‘छे, मागून येतोय. गिअरबॉक्स असणार,’ मैत्रिणीचा नवरा म्हणाला. गिअरबॉक्स मागे नसतो, पण ते असो.

‘अगं, म्युझिक मोठं कर ना,’ मैत्रीण म्हणाली. खरं सांगायचं तर या तिन्हींतला हाच सल्ला मला सगळ्यात पटला होता. समोर ताम्हिणी घाट, पलीकडे समुद्र. इथून परत फिरायचं म्हणजे डोक्याला शॉट!

मी गाडी बाजूला घेतली आणि बाबांना फोन लावला.

कसा नको, कधी सांग

आधी गाडीची ओळख. २०१० सालची डिझेल एसयूव्ही, मॅन्युअल गिअर, मागच्या चाकांवर चालणारी. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पंधरा वर्षांत जे झिजतं ते कुठल्याही कंपनीचं झिजतं. २०२३ पर्यंत ती बाबांची होती. मग त्यांचे गुडघे आणि तिचा क्लच यांचं जमेना, म्हणून ती माझ्याकडे आली. २०२५ मध्ये तिची पंधरा वर्षं भरली, तेव्हा आरटीओत फिटनेस करून रजिस्ट्रेशन आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतलं. ‘विकून टाक, ईएमआयवर नवी घे’ असं सांगणारे डझनभर होते. मी हट्टाने ठेवली. त्यामुळे ती रस्त्यात बंद पडणं हा माझ्या इज्जतीचाही सवाल होता.

‘बाबा, गाडीतून कसला तरी विचित्र आवाज येतोय. चिव-चिव असा, म्हणजे जरासा...’

‘बाळा, आवाज कसा आहे ते सांगू नकोस. कधी येतो ते सांग.’

मंडळी, इथे जरा थांबा. कारण या एका वाक्यात अख्खी मेकॅनिकगिरी आहे. आवाजाचं वर्णन आपण सगळेच चुकतो. माझं ‘चिव-चिव’ तुमचं ‘किर्र’ असू शकतं. शिवाय जुन्या एसयूव्हीची चॅसी म्हणजे शिडीसारखी जोडलेली लांबलचक लोखंडी चौकट. एका टोकाला टिचकी मारा, दुसऱ्या टोकाला ऐकू येतं. म्हणून ‘कुठून येतो’ यावरही विश्वास ठेवायचा नाही. आमच्या गाडीत तिघांना तीन ठिकाणांहून ऐकू येत होता. मला स्वतःला तो गिअरच्या दांड्याखालून येतोय असं वाटत होतं. आवाज नक्की कशाबरोबर वाढतो, कशाबरोबर थांबतो, एवढंच विचारायचं. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर? गाडीच्या वेगाबरोबर? वळण घेतल्यावर? की अॅक्सिलरेटर दाबताना-सोडताना?

बाबांनी फोनवरून एकेक करायला लावलं. रस्ता सरळ होता, मोकळा होता, पाठीमागे कुणी नव्हतं. तुम्हीही करायचं असेल तर असाच रस्ता बघा.

उभ्या गाडीत न्यूट्रल, इंजिन जोरात रेस केलं. आवाज नाही. म्हणजे इंजिन, त्याचे पट्टे, सायलेन्सर यांची सुटका. तसंच उभं राहून क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. काही फरक नाही. क्लच दाबल्यावर आवाज आला असता तर रिलीज बेअरिंगवर संशय. क्लच सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर गप्प, असं झालं असतं तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर.

मग चाळीसचा स्पीड धरला. आधी तिसऱ्यात, मग चौथ्यात. इंजिनाच्या फेऱ्या बदलल्या, चिवचिवाट तोच. न्यूट्रल करून गाडी जराशी नुसती घरंगळू दिली. तरीही तोच. आता गंमत लक्षात आली का? आवाजाला इंजिनाशी काही देणंघेणंच नव्हतं. तो फक्त गाडी किती वेगाने पळतेय ते बघत होता. म्हणजे गुन्हेगार गिअरबॉक्सच्या पलीकडे, गाडीबरोबर फिरणारं काहीतरी.

चाक? हळूच डावी-उजवीकडे स्टीअरिंग झुलवलं. चाकाचं बेअरिंग गेलेलं असलं की त्यावर भार आल्याबरोबर घुमणारा आवाज वाढतो आणि भार गेला की कमी होतो. इथे काही नाही. ब्रेकला हलका पाय लावला. काही नाही. मग बाबांनी विचारलं, ‘दहाच्या स्पीडला सेकंदात किती वेळा वाजतं?’

हे मात्र भारी होतं. अशा गाडीचं चाक एका फेरीत साधारण सव्वादोन-अडीच मीटर जातं. ताशी दहा किलोमीटरला सेकंदाला जेमतेम सव्वा फेरी होते. टायरमध्ये खडा अडकला असेल तर तो त्याच लयीत टिक... टिक... वाजेल. आमचा चिवचिवाट सेकंदाला पाचेक वेळा होता. मैत्रिणीने मोबाइलवर रेकॉर्ड करून मोजलासुद्धा. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो.

‘आता रिव्हर्स टाक, क्लच सोड. मग पहिला टाक, सोड.’

टण्ण. टण्ण.

‘क्रॉस आहे,’ बाबा म्हणाले. ‘घाटात उतरू नकोस.’

अधिक चिन्हाची गोष्ट

क्रॉस म्हणजे काय ते मलाही त्या दिवसापर्यंत धड माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडा.

१९९८ ची सफारी, २००० ची बोलेरो, २००२ ची स्कॉर्पिओ. देशी एसयूव्हींची ती पहिली फळी एकाच मांडणीची होती. इंजिन पुढे, त्यामागे क्लच आणि गिअरबॉक्स आणि तिथून सीटखालून मागच्या अॅक्सलपर्यंत जाणारा लांब पोलादी नळा. तो प्रोपेलर शाफ्ट. आता गिअरबॉक्स चॅसीला घट्ट, पण मागचा अॅक्सल खड्ड्याखड्ड्याला स्प्रिंगवर वर-खाली नाचणार. मधला नळा सरळसोट असता तर पहिल्याच खड्ड्यात मोडला असता. म्हणून त्याच्या टोकांना मनगटासारखे जोड दिलेले असतात. सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या नावाने हा जोड ओळखला जातो. हो, शाळेत स्प्रिंगच्या नियमात भेटलेला तोच हूक.

जोडाच्या पोटात अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा असतो. तोच क्रॉस. त्याचे चार हात चार टोप्यांमध्ये बसतात आणि प्रत्येक टोपीत सुईसारखे बारीक रोलर, भरपूर ग्रीसमध्ये. इंजिनाची सगळी ताकद या मुठीत मावणाऱ्या तुकड्यातून जाते. ग्रीस आहे तोवर तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. रबरी सील फाटलं, आत पाणी गेलं की सुयांना गंज चढतो. कोरडे रोलर चिवचिवतात. पुढे ते झिजून भुगा होतात, जोड ढिला पडतो आणि ताकदीची दिशा बदलली की, म्हणजे रिव्हर्समधून पहिल्यात जाताना, तो ढिलेपणा ‘टण्ण’ करून भरून निघतो. आणखी पुढे शाफ्ट मधोमध फिरायचा सोडून हेलपाटायला लागतो. तीच सीटखालची थरथर.

आणि त्याच्याही पुढे? हे बाबांनी कन्येला ऐकू जाणार नाही अशा बेताने, स्पीकर बंद करायला लावून सांगितलं. टोपी निसटली तर शाफ्ट सुटतो. मागचं टोक सुटलं तर फिरता नळा गाडीच्या पोटावर दणके घालतो आणि तिथेच ब्रेकच्या आणि डिझेलच्या नळ्या असतात. पुढचं टोक सुटलं तर ते रस्त्यात रुततं आणि पळती गाडी मागून उचलली जाऊ शकते. शिवाय शाफ्ट गेला की इंजिनाचा आणि चाकांचा संबंध संपतो. घाट उतरताना खालच्या गिअरचा जो आधार असतो तो गायब. गिअरमध्ये टाकून उतारावर उभी केलेली गाडीही मग थांबत नाही. हॅण्डब्रेक ओढा, चाकाला दगड लावा.

मी ताम्हिणीच्या दिशेने बघितलं. मागच्या सीटवर कन्या बिस्किट खात होती.

‘फिरतोय आपण मागे,’ मी जाहीर केलं. सल्लागार खूप वेळ काही बोलला नाही. विक्रमच!

इन्शुरन्सबरोबर घेतलेल्या रोडसाइड असिस्टन्सला फोन केला आणि अख्खी गाडी उचलून नेणारी फ्लॅटबेडच पाठवा म्हणून सांगितलं. पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फिरवत नेली असती तर तोच शाफ्ट पुण्यापर्यंत गरगरत आला असता.

मॅडम, उघडल्यावर कळेल

फ्लॅटबेडवाल्याने गाडी त्यांच्या यादीतल्या एका चकाचक वर्कशॉपला सोडली. काचेची केबिन, कॉफीचं मशीन, टॅबलेट घेतलेला अॅडव्हायझर. मी बोलत होते आणि तो माझ्या मित्राकडे बघून उत्तरं देत होता. हा अनुभव नवा नाही, गाडी चालवणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा. संध्याकाळी एस्टिमेट आलं. गिअरबॉक्स उतरवणे, क्लच सेट, गिअरबॉक्सची बेअरिंग. एकूण ४६ हजार.

‘पण न्यूट्रलमध्ये रेस केल्यावर आवाज येत नाही,’ मी म्हटलं. ‘तिसऱ्यात आणि चौथ्यात, चाळीसला, एकसारखाच येतो. मग गिअरबॉक्स कसा?’

पहिल्यांदा त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘मॅडम, ते उघडल्यावर कळेल.’

‘खाली जाऊन शाफ्ट हलवून बघितला का?’

यावर तो टॅबलेटमध्ये काहीतरी शोधत राहिला. त्याच्या मनात लबाडी होती असं मी म्हणणार नाही. बहुतेक गाडीखाली कुणी गेलंच नव्हतं, ‘खालून आवाज’ एवढं जॉबकार्डावर वाचून एस्टिमेट बनलं होतं. पण ४६ हजार हे ४६ हजार असतात! दुसऱ्या टोइंगचे पैसे खिशातून भरून मी गाडी तिथून काढली आणि सिंहगड रोडला बाबांच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांना सगळं गिऱ्हाईक मामाच म्हणतं.

मामांनी गाडी पिटवर घेतली. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, गिअर न्यूट्रल, हॅण्डब्रेक खाली, इंजिन बंद, चावी त्यांच्या खिशात. मग म्हणाले, ‘ताई, या खाली. हातानेच बघा.’

गाडीच्या पोटाखाली मी आयुष्यात पहिल्यांदा उभी होते. एक हात जोडाच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि ओले कपडे पिळतो तसे उलट-सुलट पिळायचे. पुढचा जोड दगडासारखा. मागचा, डिफरन्शियलजवळचा, हातात खट-खट हलला. टोपीच्या कडेला विटकरी रंगाची बारीक पूड जमली होती. ‘हा गंज. आतला माल संपला की असा बाहेर येतो,’ मामा म्हणाले. एवढं बघायला एक मिनिटही लागलं नाही. एस्टिमेट बनवायला नक्की जास्त लागला असेल.

नाना पेठेतून नवा क्रॉस आला, हजार रुपयांच्या आत. शाफ्ट उतरवायच्या आधी मामांनी त्यावर आणि डिफरन्शियलच्या फ्लँजवर पंच मारून खुणा केल्या. हे का, ते मी विचारलंच. वाकलेला जोड फिरताना एका फेरीत दोनदा किंचित पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा जोड नेमका उलट वागून ते भरून काढतो. दोघांची बसण्याची दिशा चुकली की नवाकोरा क्रॉस घालूनही गाडी थरथरते. मग लोक पुन्हा गिअरबॉक्स उघडतात.

जुना क्रॉस वाइसमध्ये धरून लॉक काढली, टोप्या निघाल्या. तीन टोप्यांमध्ये काळपट, सुकलेलं ग्रीस. चौथीतून सुया पडल्याच नाहीत. लाल पीठ सांडलं. क्रॉसच्या त्या हातावर सुयांनी खाचा पाडलेल्या, नखाला स्पष्ट लागत होत्या.

‘मामा, पण हे असं अचानक कसं झालं?’

‘अचानक कुठलं? पावसाळ्यात पाण्यात घातली होती का?’

घातली होती. जुलैमध्ये तुंबलेल्या भुयारी मार्गातून, अर्धं चाक बुडेल इतक्या पाण्यातून, ‘एसयूव्ही कशाला घेतलीय मग’ असं म्हणत. फुल्ल हीरोगिरी. त्याआधीची दोन वर्षं सर्व्हिसिंग म्हणजे ऑइल, फिल्टर आणि वॉशिंग. क्रॉसला ग्रीसची निपल असते, तिथे गनने ग्रीस भरायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांची डायरी होती. त्यात २०१० पासून तारीख, किलोमीटर, आणि दर वेळी बारीक अक्षरात ‘ग्रीसिंग’. २०२३ नंतर पानं कोरी. मी त्या डायरीवर टोलच्या पावत्या ठेवत होते.

मामांनी चारही सीलमधून नवं ग्रीस जरासं डोकावेपर्यंत गन मारली. (सगळ्या क्रॉसना निपल नसते. काही सीलबंद येतात, ते वाजले की थेट बदलायचे.) शाफ्ट खुणांप्रमाणे चढला. ट्रायल घेतली. चिवचिवाट साफ बंद, थरथर गायब. पण थांबून पुन्हा निघताना एक बारीक ‘टक’ उरलंच. माझा चेहरा पडला. मामा पुन्हा खाली गेले. शाफ्टचा एक भाग दुसऱ्यात सरकतो, कारण अॅक्सल वर-खाली होताना लांबीही कमी-जास्त लागते. तिथले दाते कोरडे पडले होते, सरकताना अडकून सुटत होते. तिथेही ग्रीस. ‘टक’ नव्वद टक्के गेलं. उरलेल्या दहा टक्क्यांबद्दल मामा म्हणाले, ‘ताई, डिफरन्शियलच्या दात्यांत एवढा प्ले राहणार. पंधरा वर्षं झाली. तो काढायला गेलात तर तुम्हीच रडाल.’

मजुरी धरून सगळं मिळून दोन हजारांच्या आसपास. दोन्ही टोइंग आणि बुडालेलं बुकिंग वेगळं, ते हिशोबात धरायचं मी टाळतेय.

तुमच्या गाडीत शाफ्टच नसेल तर

आता तुमच्यातले निम्मे म्हणतील, आमची २०१२ ची डस्टर, आमची २०१५ ची क्रेटा, आम्हाला काय त्याचं! बरोबर आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हा लांब नळा नसतो. तुमचं दुखणं पुढे असतं. पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण फिरवून हळू निघा. कट-कट-कट आलं तर बाहेरचा सीव्ही जॉइंट. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले तर त्याचं रबरी बूट फाटलंय. बूट फाटलेलं लवकर दिसलं तर बूट आणि ग्रीसवर भागतं, कट-कट सुरू झाल्यावर नाही. दोन्ही प्रकारच्या गाड्यांत रस्ता बदलला की बदलणारी घूंऽऽ म्हणजे बहुधा टायर. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत अॅक्सिलरेटर दाबला की रडणारी आणि सोडला की सूर बदलणारी घूंऽऽ म्हणजे मागच्या क्राउन-पिनियनचा संशय, आणि तो मात्र खर्चाचा विषय. आधी डिफरन्शियलचं ऑइल तपासा.

आणि हौस म्हणून स्वतः खाली जाणार असाल तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली अजिबात नाही, चालू इंजिनाखाली तर नाहीच. पिट असलेलं गॅरेज शोधा.

डिसेंबरात दिवेआगर झालं. तीच गाडी, तेच पाच जण, पौडला तीच मिसळ. डायरीत नवी नोंद होती : मागचा क्रॉस बदलला, ग्रीसिंग. पुढचा अजून ठीक आहे, पावसाळ्यानंतर पुन्हा बघायचा. ताम्हिणी उतरताना तिसऱ्या की चौथ्या वळणावर मागून खड्-खड् आलं आणि गाडीत एकदम सन्नाटा पसरला.

‘कधी येतो?’ आता सल्लागारानेच विचारलं.

डाव्या वळणावर एकदा, उजव्या वळणावर एकदा. सरळ रस्त्यावर नाही. मैत्रिणीच्या नवऱ्याने वाकून सीटखाली हात घातला आणि कन्येची स्टीलची पाण्याची बाटली बाहेर काढली.